चादरींच्या खोलीतलं इंग्रजी

आधीच सांगून ठेवते, मला शांतपणे सांगता येणार नाही. आमच्या वॉर्डात कोणालाही विचारा, सगळ्या सांगतील की हिच्या नाकावर राग असतो. असतो तर असतो. ज्यांना राग येत नाही त्यांनी आमच्या बाईंना चोर म्हटलेलं ऐकून घेतलं आणि चहा प्यायला गेले. मी गेले नाही.

बाई म्हणजे टेलिफोनबाई. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर त्यांची सगळी नोकरी गेली. तळमजल्यावर जिन्याखाली बिनखिडकीची खोली होती, तिथे कानाला हेडफोन लावून बसायच्या. बाहेरून फोन आला की कोणाला जोडायचा ते त्या बघायच्या. परदेशातून मुलांचे फोन यायचे, आई कशी आहे, बाबांचं ऑपरेशन झालं का. डॉक्टर सापडेपर्यंत त्या मुलांशी कोण बोलायचं? बाईच. इंग्रजी त्या कॉलेजात शिकल्या नाहीत, त्या रडणाऱ्या माणसांशी बोलत बोलत शिकल्या. आणि एवढ्या वर्षांत कोणाच्या घरातली एक गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली नाही. सगळ्या हॉस्पिटलची अंडीपिल्ली ठाऊक असलेली बाई, पण विचारलं तर म्हणायची, मला काही ऐकू येत नाही गं, यंत्र जुनं आहे.

पुढे बोर्डच गेला, आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि बाई निवृत्त झाल्या. तरी दुपारी यायच्या. चादरींच्या खोलीत बसून फाटक्या उशांच्या खोळी शिवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. एकटं माणूस, घरी भिंतींशी काय बोलणार.

आम्ही आठजणी तेव्हा ठेकेदाराच्या आया. काम तेच, अंथरुणं बदला, भांडी द्या, पेशंटला कुशीवर वळवा, न्हाऊ घाला. पण कायम असलेल्या आयांना निळा कोट आणि आम्हाला पिवळा, म्हणजे लांबूनच कळावं की हिच्यावर ओरडलं तरी चालतं. एके दिवशी फर्मान निघालं. परदेशी पेशंट वाढलेत, त्यामुळे तोंडी इंग्रजीची परीक्षा होईल. पास होणाऱ्या कायम, बाकीच्यांनी ठेकेदाराकडे परत जायचं, तो धाडेल तिकडे.

मला कायम व्हायचंच होतं. माझा नवरा रंगाच्या कारखान्यात होता. वर्षानुवर्षं फवारणी केली आणि छातीचा भाता करून घरी बसला. दोन जिने चढला की भिंतीला हात लावून उभा राहतो आणि मला म्हणतो, थांब, देखावा बघतोय. आमच्या जिन्यातून कचऱ्याची कुंडी दिसते. कायम असलेल्यांच्या घरच्या माणसांना हॉस्पिटलात उपचार मिळतात, छातीचा डॉक्टर मिळतो. पिवळ्या कोटाला काही मिळत नाही. एवढं सरळ होतं ते.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेने एक पुस्तिका वाटली. विनंतीची वाक्यं, माफीची वाक्यं. पाठ करा म्हणे. आम्ही चादरींच्या घड्या घालता घालता मोठ्याने घोकत होतो. बाईंनी सुई खोळीत खोचली आणि म्हणाल्या, ‘अगं, पेशंटला काय हे पाठ असणार आहे का? तो आपलंच काहीतरी विचारेल, मग काय करशील?’

‘मग सॉरी म्हणू,’ मी म्हटलं. ‘पुस्तिकेत सॉरी सात वेळा आहे.’

बाई हसल्या नाहीत. उठल्या आणि आम्हाला खोलीच्या मधोमध उभं केलं.

चादरींची खोली म्हणजे चार भिंती, वर पंखा. एका भिंतीला दार, तिच्यासमोर खिडकी. डावीकडे हात धुवायचं बेसिन, उजवीकडे चादरींचं कपाट. बाई म्हणाल्या, ‘इंग्रजीत काही छोटे शब्द असतात. ते स्वतः काम करत नाहीत, दुसऱ्याच्या कामाला चिकटतात. काम होऊ शकतं, की करू द्याल का, की केलंच पाहिजे, की केलेलं बरं, हे तेच सांगतात. शब्द एवढासा, पण चुकला की आयाची डॉक्टरीण होते नाहीतर डॉक्टरची आया.’

मग त्यांनी शब्दांना जागा दिल्या. दाराशी ‘मे’. आत येऊ का, विचारू का, परवानगी मागायची ती दारात उभं राहून. खिडकीशी ‘कॅन’. इथून बाहेरचं दिसतं, दिसू शकतं, जमतं. बेसिनशी ‘मस्ट’. हात धुतलेच पाहिजेत, तिथे हुज्जत नाही. कपाटाशी ‘शुड’. कपाटाचं दार लावलेलं बरं, नाही लावलं तर कोणी फाशी देणार नाही, पण झुरळं होतील आणि बोलणी तुम्ही खाल.

‘आणि माइट?’ लांबडीने विचारलं. लांबडी म्हणजे आमच्यातली सगळ्यात उंच, तिने पुस्तिका शेवटच्या पानापासून वाचली होती.

बाईंनी वर बोट केलं. पंखा. चालला तर चालला. त्या पंख्याची सगळी कुंडली आम्हाला ठाऊक होती, त्यामुळे ‘माइट’ कोणी कधी विसरलं नाही.

तेव्हापासून रोज पाळी सुटली की आमचा खेळ. बाई मराठीत प्रसंग सांगायच्या, आम्ही आधी त्या भिंतीकडे वळायचं आणि मग इंग्रजीत बोलायचं. पाहुणा बूट घालून अतिदक्षता विभागात शिरतोय. आठजणी बेसिनकडे. म्हातारीला उठून चालायचंय, चाललेलं बरं. आठजणी कपाटाकडे, आणि हमखास एकीच्या कोपराचा धक्का दुसरीला. एखाद्याला नम्रपणे सांगायचं असेल तर खिडकीपासून एक पाऊल मागे सरायचं, की ‘कॅन’चं ‘कुड’ होतं. जितकं मागे, तितकं अदबीचं. आमच्यातली ठेंगणी एकदा इतकी मागे सरकली की मळक्या चादरींच्या टोपलीत बसली. बाई म्हणाल्या, ‘बास, एवढी अदब राजालासुद्धा नको.’

आणि ‘नाही’ कसं म्हणायचं, ते त्यांनी सगळ्यात जास्त घोटून घेतलं. ऑपरेशनआधी पेशंटने पाणी प्यायचं नाही. चादरीची घडी पेशंटने घालायची नाही. मराठीत दोन्हीकडे ‘नाही’च, पण पहिलं ‘मस्ट नॉट’, दुसरं ‘नीड नॉट’. पहिल्यात जीव जाईल, दुसऱ्यात फक्त आपलं काम वाचेल. हे दोन एक समजलात तर पेशंट पाणी पिऊन बसेल आणि घडी घालणाऱ्याच्या अंगावर ओरडाल, असं त्या म्हणायच्या. पुस्तिकेत यातलं काही नव्हतं. आयाने कोणाला मनाई करावी हे त्या पुस्तिकेच्या स्वप्नातही नव्हतं, आयाने फक्त माफी मागायची. मला याचाही राग आहे, पण तो नंतर कधीतरी.

परीक्षा वरच्या मजल्यावर, थंड हवेच्या मीटिंगच्या खोलीत झाली. आखूड केसांच्या एक मॅडम प्रश्न विचारायच्या आणि एक पोरगेला माणूस कॅमेरा लावून बसला होता. एकेकीला आत बोलवलं. मी बाहेर आले तेव्हा मला कळलं होतं की मला येतंय. पाठ केलेलं नाही, येतंय. चाळिशी उलटल्यावर असं वाटणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, छातीच्या डॉक्टरची तयारी कर. तो म्हणाला, तयारी काय करायची, खोकला तयारच आहे.

दोन दिवसांनी कर्मचारी विभागाच्या साहेबाने आठजणींना बोलावलं. आम्हाला वाटलं कोट देतायत. त्याने भिंतीवरच्या पडद्यावर परीक्षेचं चित्रण लावलं. पाहुणा बूट घालून आत येतोय, तुम्ही काय सांगाल, असा प्रश्न. लांबडीने मान डावीकडे वळवली आणि उत्तर दिलं. ठेंगणीने मान डावीकडे वळवली आणि उत्तर दिलं. मग मी. आठच्या आठजणी, कवायतीतल्यासारख्या, डावीकडे. पुढचा प्रश्न, सगळ्या उजवीकडे. आणि जिथे ‘माइट’ हवं होतं तिथे आठजणी छताकडे बघतायत. खरं सांगते, मला हसू फुटलं. ते बघून कोणालाही फुटलं असतं.

साहेब हसला नाही. म्हणाला, ‘भिंतीवर काय चिकटवलं होतं? की बाहेरून कोणी खुणा करत होतं?’

मी सांगितलं. बेसिन, कपाट, पंखा, सगळं सांगितलं. बाईंचं नावसुद्धा अभिमानाने सांगितलं, कारण लपवायचं काय होतं त्यात. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, ‘पंख्याकडे बघून इंग्रजी येतं का कोणाला? हे बघा, तुमची उत्तरं बरोबर आहेत. तोच तर प्रश्न आहे. आयांना एवढं येणं शक्यच नाही.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलो असतो तर नापास, उत्तरं बरोबर आली तर चोर. म्हणजे आम्ही करायचं तरी काय? त्याने निकाल रद्द केला. महिनाअखेर ठेकेदाराकडे परत जायचं. आणि बाईंना हॉस्पिटलच्या आवारात पाऊल टाकायला बंदी. ज्या दारातून ती बाई त्याच्या जन्माआधीपासून आत येत होती, त्या दारात रखवालदाराने तिला हात आडवा केला. रखवालदार बिचारा खाली मान घालून उभा होता, त्याच्या बायकोच्या बाळंतपणात बाईंनीच डॉक्टर शोधून दिला होता.

मग मी माझा स्वभाव दाखवला. भर व्हरांड्यात, पेशंट, नातेवाईक, डॉक्टर सगळ्यांच्या देखत साहेबाला गाठलं आणि म्हटलं, ‘आमचे डोळे बांधा. खोली बदला, खुर्ची गरागरा फिरवा आणि मग विचारा. एकीला जरी आलं नाही तरी आठजणी आजच्या आज जातो.’ लांबडीने मागून माझा पदर ओढला, आठजणींचं तू कशाला बोलतेस म्हणून. मी सोडवून घेतला. साहेब निघून गेला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. फेरपरीक्षा होणार, डोळे बांधून होणार. मी कॉलर ताठ करून फिरले हो. सगळ्यांना सांगितलं, बघा, ओरडल्याशिवाय काही मिळत नाही या जगात. ठेंगणीने मला तिच्या डब्यातला अर्धा वाटा दिला. एवढी मी शहाणी.

आमच्याच वॉर्डातली बँडेजपट्टी आमच्या डोळ्यांवर बांधली. त्या पोरगेल्या माणसाने खुर्ची खरंच दोन-तीनदा फिरवली, मला मळमळायला लागलं. मॅडमनी विचारलं, ऑपरेशनच्या आधी पेशंट पाणी मागतोय. मला कुठली भिंत कुठे आहे काही कळत नव्हतं. पण आत, डोक्यात, बेसिन जागच्या जागी होतं. त्याचा गळका नळसुद्धा ऐकू आला. मी मान वळवली आणि सांगितलं. एकामागून एक सगळं सांगितलं. शेवटी मॅडमनी स्वतः उठून माझी पट्टी सोडली. त्यांचे डोळे हसत होते. म्हणाल्या, ‘तुम्हाला शिकवलं कोणी?’ मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यात बसलेल्या साहेबाकडे बघितलं. साहेबाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणजे त्या दिवशी त्या माणसाला कळलं होतं. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

आठही पास. खालच्या मोठ्या दालनात कार्यक्रम झाला. मोठे डॉक्टर, फुलं, निळे कोट. नवऱ्याला मी मुद्दाम आणलं होतं, तो शेवटच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता. मग साहेब माइकवर आला. म्हणाला, मध्यंतरी बाहेरच्या एका व्यक्तीने आपल्या भोळ्या कर्मचाऱ्यांना गैरमार्ग शिकवला होता. त्या व्यक्तीने आपल्याला फोन करून तशी कबुलीही दिली. हॉस्पिटलने ताबडतोब कारवाई केली आणि आपल्या भगिनींनी पुन्हा परीक्षा देऊन यश मिळवलं. टाळ्या.

मला आधी कळलंच नाही की तो कोणाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा मी त्या नव्या कोटात तशीच उठले आणि बाहेर पडले. नवरा मागून येत होता, त्याला धाप लागली तशी मी थांबले, नाहीतर थांबले नसते.

बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर एका खोलीत राहतात. दार उघडंच होतं. पाय पसरून उशीची खोळ शिवत बसल्या होत्या, हॉस्पिटलची नव्हे, स्वतःची. माझा कोट बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला आणखीनच राग आला.

‘तुम्ही त्याला काय सांगितलंत?’ मी म्हटलं.

‘बस तरी आधी. यांनाही बसू दे, घाम फुटलाय बघ त्यांना.’

‘बसत नाही मी. काय सांगितलंत?’

बाईंनी दोरा दाताने तोडला. म्हणाल्या, ‘मीच फोन केला होता त्याला. विचारलं, पोरींची परीक्षा परत घ्याल का. तो म्हणाला, कोणाची तरी चूक होती असं ठरल्याशिवाय परत घेता येत नाही. हॉस्पिटलची म्हणता येत नाही, परीक्षकांची म्हणता येत नाही. मग राहिलं कोण? मी म्हटलं, माझी लिहा. मी खुणा शिकवल्या म्हणून लिहा.’

म्हणजे माझ्या ओरडण्याने डोळ्यांवरची पट्टी तेवढी मिळाली होती, परीक्षा नाही. मी व्हरांड्यात गळा फोडत होते आणि इथे या बाईने एका फोनवर स्वतःची अब्रू देऊन आमची परीक्षा विकत आणली होती.

‘कोणी सांगितलं होतं तुम्हाला?’ मी ओरडलेच. ‘आम्ही मागितलं होतं का? उद्या सगळं हॉस्पिटल तुम्हाला चोर म्हणेल. म्हणतंयच.’

‘हळू बोल, खाली दुकान आहे.’ त्यांनी खोळ मांडीवर उलटली. ‘मला आता कुठे नोकरी करायचीय गं? माझ्या नावाचं आता काय लोणचं घालू? यांच्या छातीला डॉक्टर मिळाला ना?’

माझा नवरा खाली बघत होता.

‘फक्त एक,’ बाई म्हणाल्या, ‘दुपार जात नाही. तिथे बोलायला माणसं होती.’ आणि पुन्हा सुई ओवायला लागल्या. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. मी त्यांच्या हातातून घेतली आणि ओवून दिली. मला रडू आलं, रागाने आलं. त्या माणसाला माहीत होतं, पट्टी सोडली तेव्हा त्याच्या तोंडासमोर सिद्ध झालं होतं आणि तरी त्याने माइकवर उभं राहून या बाईला गैरमार्ग म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी त्याच्या केबिनमध्ये गेले.

‘साहेब, बाईंनी चोरी शिकवली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.’

त्याने दार लावून घेतलं. ‘माहीत आहे हो,’ तो म्हणाला. अगदी असंच म्हणाला, जसं काही पंखा बिघडलाय हे माहीत आहे. ‘पण त्यांनी स्वतः कबूल केलंय. आता ते उकरून काढलं तर पहिला निकाल चुकीचा ठरवल्याचं उत्तर मला द्यावं लागेल. जाऊ द्या. त्यांचं काही बिघडत नाही, तुमचं भलं झालं.’

‘त्यांची बंदी उठवा आणि काल माइकवर बोललात तसं माइकवर सांगा.’

‘बाई, तुम्ही कालच कायम झालात. जरा सांभाळून बोला.’

‘कायम झाले म्हणूनच बोलते,’ मी म्हटलं. ‘पिवळ्या कोटात बोलले असते तर संध्याकाळी घरी बसवलं असतंत. आता काढायचं म्हटलं तर कारण द्यावं लागेल, चौकशी बसेल, आणि चौकशीत मी काय सांगेन ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनी ही नोकरी आम्हाला मिळवून दिली ती गप्प बसायला असं त्यांना वाटतंय. मला तसं वाटत नाही.’

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी दार उघडून बाहेर आले.

त्या दिवसापासून तो संध्याकाळी खाली उतरला की मी जिन्यापाशी उभी असते. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. आजूबाजूला पेशंट असतात, त्यांचे परदेशातून आलेले लेक-सुना असतात, त्या सगळ्यांना समजेल अशा स्वच्छ इंग्रजीत त्याला एवढंच विचारते की सर, आमच्या शिक्षिकेबद्दलचं खरं तुम्ही कधी सांगणार. लोक वळून बघतात. परवा एका पेशंटच्या मुलीने त्याला थांबवून विचारलं, काय प्रकार आहे हा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गेल्या आठवड्यात त्याने घरी जायची वेळ बदलून पाहिली. पण आम्ही आठजणी आहोत आणि हॉस्पिटल तीन पाळ्यांत चालतं.